परवाना देशाचा, जोखीम विद्यार्थ्याची

परदेशात शिकायला निघालेला विद्यार्थी पहिल्या सेमिस्टरची फी भरतो, ती पुढच्या तीन-चार वर्षांचा हिशेब मांडूनच. कोर्स किती वर्षांचा, शिकताना आठवड्याला किती तास काम करता येईल, पदवी हातात आल्यावर नोकरी शोधायला किती महिने थांबता येईल, जोडीदार सोबत येऊ शकेल का, कर्जाचे हप्ते कधी सुरू होतील. यातला जवळपास प्रत्येक आकडा यजमान देशाच्या व्हिसा नियमांतून आलेला असतो. त्या नियमांची मुदत मात्र तीन-चार वर्षांची नसते. निवडणूक येते, मंत्री बदलतो, घरभाडी चढतात, वर्तमानपत्रांत मथळे झळकतात आणि नियम फिरतात. भरलेली फी परत येत नाही, काढलेले कर्ज रद्द होत नाही, मध्येच सुटलेला कोर्स दुसऱ्या देशात जसाच्या तसा पुढे चालू करता येत नाही.

युनेस्कोच्या गणतीप्रमाणे २०२२ मध्ये जगभरात सुमारे ६९ लाख विद्यार्थी स्वतःचा देश सोडून उच्च शिक्षण घेत होते. एवढ्या माणसांचा प्रश्न आपण अजूनही ज्याच्या त्याच्या ‘व्हिसाची कटकट’ म्हणून सोडून देतो, हे मला पटत नाही. कोणाला घ्यायचे आणि किती जणांना घ्यायचे, हे ठरवण्याचा यजमान देशाचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे. पण एकदा घेतले, की ज्या नियमांच्या भरवशावर विद्यार्थी आला ते नियम त्याच्यापुरते कायम राहिले पाहिजेत. त्याचा अभ्यास आणि त्यानंतरची कबूल केलेली मुदत संपेपर्यंत. नियम जरूर बदला, पण पुढच्या तुकडीपासून.

आधी ही व्यवस्था चालते कशी, ते पाहू. व्हिसा दारापर्यंत आणतो. आत राहण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी वेगळ्या कागदाने मिळतो आणि तो कागद देशागणिक वेगळा. जर्मनीत राष्ट्रीय व्हिसावर उतरायचे, पत्ता नोंदवायचा आणि मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून निवास परवाना काढायचा. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा हाच पहिला परवाना असतो, पण पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन नोंदवावा लागतो. चीनमध्ये एक्स-१ व्हिसावर गेलेल्याने तीस दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. नेदरलँड्समध्ये अर्ज विद्यापीठच करते, आणि वर्षाचे निम्मे क्रेडिट मिळाले नाहीत तर इमिग्रेशन खात्याला कळवण्याचे कामही विद्यापीठाकडेच असते. ब्रिटनने २०२४ अखेरीस प्लास्टिकचे बायोमेट्रिक कार्ड मागे घेऊन सगळे ऑनलाइन नोंदीवर नेले. अमेरिकेत पासपोर्टवरचा व्हिसा संपला तरी राहण्याचा दर्जा टिकू शकतो, कारण तो ‘सेव्हिस’ नावाच्या सरकारी संगणक प्रणालीतल्या नोंदीवर उभा असतो. भारतात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही, व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर, १४ दिवसांत नोंदणी करावी लागते.

हे सारे त्रासाचे असले तरी सांभाळता येण्यासारखे आहे. कागद कोणते, तारखा कोणत्या, हे आधी कळते आणि मन लावून केले तर जमते. अडचण सुरू होते ती परवान्याचे नूतनीकरण करताना. कायदा म्हणतो की वेळेत अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत राहणे वैध. जर्मनीत तसा अधिकृत दाखलाही मिळतो. पण घरमालक, बँकेतला कारकून, अर्धवेळ नोकरी देणारा दुकानदार यांना तो दाखला ओळखीचा नसतो. त्यांना हवा असतो परवाना, त्यावरची पुढची तारीख. कार्यालयात अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येकदा महिने जातात आणि तेवढे दिवस कायद्याने वैध असलेला माणूस व्यवहारात अडकून राहतो. आईवडिलांपैकी कोणी आजारी पडले तर मायदेशी जाऊन परत येता येईल की नाही, याची त्याला खात्री नसते. उशीर कार्यालयाचा आणि भुर्दंड अर्जदाराला, ही या व्यवस्थेतली सर्वांत सौम्य आवृत्ती. पुढच्या याहून कठोर आहेत.

नियमबदलाच्या प्रश्नात सगळी मेख एका तारखेत असते. नवा नियम कोणत्या तारखेला बांधला आहे? विद्यार्थी कोर्सला दाखल झाला त्या तारखेला, की पदवीनंतर तो पुढचा अर्ज करील त्या तारखेला? बातम्यांत ही ओळ सहसा तळाशी असते. हजारो लोकांचे भवितव्य तिच्यावर ठरते.

ब्रिटनचेच पाहा. पदवीनंतर दोन वर्षे काम करू देणारा व्हिसा तिथे एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला; घोषणा त्याच्या वर्षभर आधीची. म्हणजे २०१० मध्ये तीन वर्षांच्या पदवीला आलेल्या मुलीच्या हिशेबातली दोन वर्षे ती दुसऱ्या वर्षाला पोहोचायच्या आत गेली. पुढे १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने ती दोन वर्षे परत आली. आता १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना, पीएच.डी. वगळता, १८ महिनेच मिळणार आहेत. २०२४ च्या शरद ऋतूत पदवीला दाखल झालेला विद्यार्थी २०२७ मध्ये बाहेर पडेल. त्याला दोन वर्षे मिळतील असे त्या वेळचे नियम सांगत होते. त्यातले सहा महिने आता कापले गेले, आणि या बदलात त्याचा दोष काहीही नाही.

याच ब्रिटनने दुसऱ्या एका बाबतीत रीत पाळली, म्हणूनच मी हे उदाहरण घेतले. संशोधनाचे अभ्यासक्रम सोडून इतर परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले सोबत आणता येणार नाहीत, असे त्या सरकारने मे २०२३ मध्ये जाहीर केले. माझ्या मते तो नियम वाईट आहे. मूल मागे ठेवून मास्टर्स करायला कोण जाणार? बहुधा बाप जाईल, आई क्वचितच. पण त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कोर्सपासून झाली. आधी आलेल्यांना जे कबूल केले होते ते त्यांच्याकडे राहिले. नव्याने येणाऱ्यांना अर्ज करण्याआधीच कळले आणि ज्यांना जमणार नव्हते ते दुसरीकडे जाऊ शकले.

कॅनडात तर हे दोन्ही प्रकार एकाच निर्णयात सापडतात. पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून दोन नव्या अटी आल्या. काही अभ्यासक्रमांना लागू असलेली विषयाची अट फक्त त्यांना, ज्यांनी स्टडी परमिटचा अर्जच त्या तारखेनंतर केला. भाषा परीक्षेची अट मात्र त्या तारखेनंतर वर्क परमिट मागणाऱ्या सर्वांना, मग ते कधीही आलेले असोत. पहिल्या अटीत आलेल्यांना दिलेला शब्द पाळला गेला, दुसरीत नाही. भाषेची अट फार जड नाही, हे खरे. पण ज्यांनी दोन-तीन वर्षे त्याच भाषेत परीक्षा दिल्या त्यांना शेवटच्या टप्प्यावर पुन्हा परीक्षा केंद्राचा स्लॉट शोधायला लावून काय साधले, हे मला कळलेले नाही.

ऑस्ट्रेलियाने जास्त कडक काम केले. पदवीनंतर तात्पुरत्या वास्तव्याचा जो व्हिसा तिथे मिळतो, त्याची वयोमर्यादा १ जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी ५० वरून ३५ वर आणली. संशोधन पदवीवाल्यांसारखे थोडे अपवाद ठेवले. चाळिशीच्या आसपास नोकरी सोडून, साठवलेले पैसे घालून शिकायला येणारी माणसे असतात: परिचारिका, शिक्षक, समाजकार्य करणारे. त्यातली काही तेव्हा कोर्सच्या मध्यावर होती. या बदलाची घोषणा डिसेंबर २०२३ मधली, म्हणजे हाती जेमतेम सहा-सात महिने. वय तर काही केल्या कमी होत नाही. आल्या दिवशी पात्र असलेला माणूस बाहेर पडताना अपात्र ठरला, आणि मधल्या काळात त्याने फी भरली, कर भरला, अभ्यास केला, एवढेच घडले होते.

साथीच्या काळात हा कारभार उघडा पडला. ६ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने सांगितले, की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्यांनी देश सोडावा किंवा प्रत्यक्ष वर्ग भरणाऱ्या संस्थेत जावे. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि आठवड्याभरात, १४ जुलैला, तो आदेश मागे घेण्यात आला. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी एप्रिल २०२० मध्ये, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी मायदेशी परतावे, असे सांगितले. त्याच देशाने मग बाहेर अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी सीमा उघडली ती डिसेंबर २०२१ मध्ये. चीनने मार्च २०२० मध्ये दार लावले आणि परदेशी विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसे देणे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू केले. २३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी, बहुतेक वैद्यकीय शाखेचे, त्यामुळे बाहेर राहिले. ज्या शिक्षणात रुग्णाला हात लावून तपासायला शिकायचे, ते दोन वर्षांहून अधिक काळ पडद्यावर झाले. साथ कोणी बोलावली नव्हती, हे मान्य. पण तिचे ओझे कोणी किती उचलायचे, हे माणसांनीच ठरवले होते.

आता व्हिसाच्या खिडकीकडे येऊ, कारण तिथे पहिल्याच मिनिटाला विद्यार्थ्यावर एक अशक्य काम सोपवले जाते. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २१४(ब) सांगते, की अर्जदार कायमचा राहायला येतो आहे असेच समजून चालावे. तसे नाही, हे त्याने पटवून द्यावे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचे बहुतेक नकार याच कलमाखाली येतात. काही मिनिटांची मुलाखत, हातात छापील कागद, आणि नेमके काय कमी पडले याचे उत्तर नाही. न्यायालये कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या निर्णयात सहसा पडत नाहीत, त्यामुळे दाद मागायलाही फारशी जागा नाही. पुन्हा अर्ज करता येतो. त्याची फी पुन्हा.

वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलीने पाच वर्षांनी आपण कुठे असू, हे शपथेवर सांगायचे. आणि तोच देश पदवीनंतर १२ महिने कामाची मुभा देतो, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना २०१६ च्या नियमानुसार आणखी २४ महिने देतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत गणल्या गेलेल्या ११ लाख २६ हजार आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांपैकी २ लाख ४२ हजार जण, म्हणजे पाचात एकाहून अधिक, या कामाच्या मुभेवर होते. विद्यापीठांची माहितीपत्रके तिचीच जाहिरात करतात. माहितीपत्रकावर विश्वास ठेवून आलेल्या मुलाने खिडकीपाशी मात्र ते वाचलेच नाही असे वागायचे. खरे बोलेल तो अडकतो आणि पाठ केलेले बोलेल तो सुटतो, अशी परीक्षा प्रामाणिक माणसाला खोटे शिकवते. सरकारी यंत्रणेने तरुणांना देशात शिरताना द्यावा असा हा पहिला धडा खचितच नाही.

हे बदलता येते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये ‘तात्पुरताच राहणार ना’ ही जुनी कसोटी काढून ‘खरोखर शिकायला येतो आहे ना’ ही नवी कसोटी आणली. पुढे कधी स्थायिक व्हावेसे वाटले तर तो दोष धरला जात नाही. कोर्स का निवडला, आधीच्या शिक्षणाशी त्याचा मेळ काय, हे विचारले जाते. युरोपात २०१४ मध्ये ट्युनिशियाच्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण युरोपीय न्यायालयात निकाली निघाले. डॉर्टमुंडच्या विद्यापीठाने त्याला गणिताला प्रवेश दिला होता. जर्मन अधिकाऱ्यांनी गुण कमी, भाषा कच्ची, अभ्यास आणि करिअर यांचा संबंध दिसत नाही, म्हणून व्हिसा नाकारला. न्यायालय म्हणाले, की कायद्यात लिहिलेल्या अटी पूर्ण होत असतील तर प्रवेश द्यावा लागेल. सदस्य देशाला मनाने नव्या अटी जोडता येणार नाहीत. त्याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बेल्जियमच्या एका प्रकरणात दुसरी बाजूही स्पष्ट केली: शिकण्याचा हेतूच नाही हे उघड दिसत असेल तर नकार देता येतो, पण विसंगती ठळक हवी आणि त्या माणसाची सगळी परिस्थिती बघायला हवी. माझ्या मते मापदंड असाच हवा. संशय घेण्याची मुभा आहे, पण त्याचे कारण दाखवावे लागते.

पैशाचा पुरावा मागण्याला माझा विरोध नाही, हेही इथेच सांगतो. जर्मनीत वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात आणि दरमहा ठरावीक रक्कम काढता येते. गरीब घरातल्या मुलांना ही अट जड जाते, यात शंका नाही. पण आकडा सर्वांना एकच, छापलेला, आणि तो भरला की प्रश्न मिटतो. विद्यार्थ्याच्या मनात काय आहे, हे शोधण्यापेक्षा खात्यात काय आहे, हे बघणे जास्त न्याय्य. अडचण आहे ती न परत मिळणाऱ्या फीची. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १,६०० वर आणि पुढच्या जुलैत २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली. नकार मिळाला तरी ती जाते. अर्ज तपासण्याचा खर्च घेणे समजू शकते, पण एवढी रक्कम तपासणीच्या खर्चासाठी घेतली जाते, असे कोणी मला पटवून देऊ शकेल असे वाटत नाही.

आता दुसऱ्याच्या चुकीचे ओझे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने दाखवले, की ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर टोइक या इंग्रजी परीक्षेत उघड फसवणूक चालते. पर्यवेक्षकच उत्तरे वाचून दाखवत होते. फसवणूक खरी होती. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या कंपनीने २०११ ते २०१४ मधल्या सुमारे ५८ हजार चाचण्या पुन्हा तपासल्या आणि ५८ टक्के अवैध, ३९ टक्के संशयास्पद ठरवल्या. म्हणजे जवळजवळ कोणीच स्वच्छ नाही. या यादीवरून ब्रिटिश गृहखात्याने हजारोंचे व्हिसा रद्द केले. अनेकांना ब्रिटनमध्ये राहून अपील करण्याची सोय नव्हती. आधी देश सोडा, मग बाहेरून भांडा. स्वतःच्या आवाजाची ध्वनिफीत मिळवायलाही काहींना झगडावे लागले. २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने लिहिले, की निर्दोष असूनही काही जण फसवे ठरले, फी गमावून बसले, बाहेर घातले गेले, ही शक्यता आहे. तोवर ११ हजारांहून अधिक लोक देश सोडून गेले होते. परीक्षा केंद्राला मान्यता कोणी दिली होती? सरकारने. तपासणीत ढिलाई कोणाची? कंपनीची आणि सरकारची. शिक्षा ज्यांना झाली त्यांत किती दोषी आणि किती निर्दोष, याचा निवाडा एकेका माणसापुरता करण्याची तसदी तेव्हा घेतली गेली नाही.

याच मालिकेतली आणखी काही नावे. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना रद्द झाला आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना दुसरी जागा शोधायला ६० दिवस मिळणार होते; पुढे न्यायालयाने चालू विद्यार्थ्यांना ते शैक्षणिक वर्ष पुरे करू दिले. मे २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्डच्याच बाबतीत असे केले, तेव्हा न्यायाधीशांनी दुसऱ्याच दिवशी स्थगिती दिली. त्याच्या महिनाभर आधी सेव्हिसमधल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक बंद झाल्या होत्या. काहींच्या नावावर जुना वाहतूक नियमभंग होता, काहींवरचे आरोप कधीच मागे घेतले गेले होते. देशभर शंभराच्या वर खटले झाले आणि सरकारने नोंदी पूर्ववत केल्या. आणि मिशिगनमध्ये तर इमिग्रेशन अधिकाऱ्यांनीच ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ नावाचे बनावट विद्यापीठ चालवले. वेबसाइट होती, मान्यताप्राप्त संस्थांच्या सरकारी यादीत नाव होते, फी घेतली जात होती. वर्ग आणि शिक्षक नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये ते उघड झाले आणि सुमारे अडीचशे विद्यार्थी पकडले गेले, त्यात बहुतेक भारतीय. वर्ग नाहीत हे ठाऊक असूनच ते आले होते, असे सरकारचे म्हणणे. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण सरकारी यादी पाहून खात्री करणाऱ्या विद्यार्थ्याने याहून पुढे कुठे चौकशी करायची होती?

कॅनडातले २०२३ चे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. एजंटने दिलेली प्रवेशपत्रे बनावट निघाली. मुले त्या पत्रांवर कॅनडात पोहोचली. तिथे जागा भरल्या असे सांगून त्यांना दुसऱ्या कॉलेजात घालण्यात आले. शिकली, कामाला लागली, आणि काही वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा जुने पत्र खोटे असल्याचे निघून हद्दपारीची नोटीस आली. आंदोलन झाले, जूनमध्ये मंत्र्यांनी हद्दपारी थांबवून प्रत्येक प्रकरण वेगळे तपासण्याचे जाहीर केले. आणि १ डिसेंबर २०२३ पासून एक साधी सुधारणा आली: प्रवेशपत्र खरे आहे का, हे इमिग्रेशन खाते थेट कॉलेजला विचारते. बस्स. जी चौकशी सरकारला सहज करता येत होती ती आधी केली गेली नाही, आणि हजारो किलोमीटर दूर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने ती करावी अशी अपेक्षा ठेवली गेली.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की लोकांनी निवडलेल्या सरकारचे हात असे बांधता येत नाहीत. घरे कमी पडतात, दवाखान्यांवर ताण येतो, स्थानिकांची तक्रार खरी असते. कॅनडात २०२३ अखेर दहा लाखांहून अधिक लोकांकडे स्टडी परमिट होते आणि काही कॉलेजे शिक्षणापेक्षा फी गोळा करण्यासाठीच चालत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याला कॅनडाने दिलेले उत्तरच माझ्या बाजूचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये नव्या परमिटांवर मर्यादा घातली, त्या वर्षासाठी साधारण ३ लाख ६० हजार, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. आणि आधीच शिकत असलेल्यांची मुदतवाढ त्यातून बाहेर ठेवली. संख्या घटवायला येणाऱ्यांचा ओघ कमी करता येतो, आलेल्यांना दिलेला शब्द मोडावा लागत नाही. तीन-चार वर्षांत जुन्या तुकड्या आपोआप बाहेर पडतात. एवढे थांबणे कोणत्याही सरकारला शक्य असते.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. खोटी बँक स्टेटमेंट, खोटी पत्रे, वर्गात न येता पूर्णवेळ काम करणारे. अशांना परत पाठवा, त्याबद्दल तक्रार नाही. प्रत्येकाचा दोष त्याच्यापुरता सिद्ध करा, पुरावा दाखवा, बाजू मांडू द्या आणि ते देशात असतानाच मांडू द्या.

हे सगळे स्वप्नरंजन आहे का? नाही, कारण एका ठिकाणी ते घडलेले आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात एप्रिल २०२२ मध्ये झालेल्या आर्थिक सहकार्य करारात भारतीय पदवीधरांना शिक्षणानंतर किती वर्षे राहता येईल, हे लिहिले गेले. जुलै २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने मुदती कापल्या तेव्हा भारतीयांच्या मुदती तशाच राहिल्या, कारण त्या करारात बांधलेल्या होत्या. वयाची अट त्यांनाही लागली. ती करारात नव्हती. इतर देशांच्या पीएच.डी. पदवीधरांना आता तीन वर्षे मिळतात, भारतीयांना चार. म्हणजे लिहून ठेवलेला शब्द टिकतो आणि तो पाळल्याने देश बुडत नाही. पण त्याच प्रयोगशाळेत, त्याच मार्गदर्शकाकडे शिकलेल्या नेपाळच्या किंवा नायजेरियाच्या पदवीधराला हे संरक्षण नाही. त्याच्या सरकारला वाटाघाटीत तेवढे वजन नव्हते. म्हणून हा शब्द दोन देशांच्या करारात असून पुरत नाही, तो यजमान देशाच्या स्वतःच्या कायद्यात हवा. युरोपीय संघाने २०१६ च्या निर्देशात काही किमान गोष्टी सर्वांसाठी बांधल्या आहेत: आठवड्याला किमान १५ तास काम, शिक्षणानंतर किमान नऊ महिने नोकरी शोधायला, अर्जावर ९० दिवसांत निर्णय. पासपोर्ट कोणताही असो.

इतर देशांकडे हे मागताना भारताने स्वतःच्या वागण्याकडेही पाहायला हवे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर, देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे सगळे भारतीय व्हिसे एका आदेशाने रद्द झाले. कारण सुरक्षेचे दिले गेले. काही पासपोर्ट हरवल्याच्या बातम्या होत्या. पण त्यात भारतीय विद्यापीठांचे विद्यार्थीही होते, साथीमुळे घरी गेलेले, परत यायची वाट पाहणारे. त्यांत मुलीही होत्या, आणि त्यांना मायदेशी पुढे शिकण्याची वाट लवकरच बंद होणार होती. ज्यांची नावे, नोंदी, बोटांचे ठसे आपल्याच कार्यालयांकडे होते, त्यांची एकेकाची तपासणी करून परत आणणे अवघड होते, पण अशक्य नव्हते.

भारताचा नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्याखालच्या नियमांत एक तरतूद घालता येईल: मान्यताप्राप्त संस्थेत दाखल झालेल्या परदेशी विद्यार्थ्याला, त्याने स्वतः गुन्हा किंवा फसवणूक केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, प्रवेशाच्या तारखेचे नियम अभ्यासक्रम संपेपर्यंत लागू राहतील, संस्थेची मान्यता गेली तर त्याच शुल्कात दुसऱ्या संस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी मान्यता देणाऱ्या खात्याची, आणि व्हिसा रद्द करायचा झाल्यास लेखी कारण देऊन, बाजू ऐकून. भारतात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २०२१-२२ मध्ये पन्नास हजारांच्या आत होती. एवढ्या संख्येत ही तरतूद आजच अमलात आणता येईल, आणि पुढच्या वेळी कॅनबेरा, ओटावा किंवा लंडनशी बोलायला बसताना भारताला तिचा मसुदा स्वतःच्या राजपत्रातूनच काढून समोर ठेवता येईल.